मैदान नव्हते म्हणून

गोव्यात मुरगाव बंदराला लागून वास्को नावाचे शहर आहे. पोर्तुगीज गेले, नाव राहिले. १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला लागलेल्या आणि पुढच्या सफरीत, १५०२ साली, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळणाऱ्या वास्को द गामाचे हे नाव. त्याच नावाचा एक क्लब समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये, रिओ द जानेरो ह्या बंदराच्या शहरात आहे. गामाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून तिथल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणि दुकानांतल्या नोकरांनी १८९८ साली तो स्थापला. नाव ऐकून आपल्या वाचकाच्या कपाळाला आठी पडली तर ती समजण्यासारखी आहे. पण इतिहास असा वाकडा चालतो की, जेत्याचे नाव कपाळावर गोंदवून घेतलेल्या ह्या क्लबाच्या फुटबॉल मैदानाची हकीकत बहिष्कृतांच्या इतिहासात मोडते. ह्या मैदानाचे नाव साओ जानुआरिओ.

आपल्याकडे बहिष्काराचा इतिहास पाणवठ्याच्या, देवळाच्या, शाळेच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला. मैदानाच्या अंगाने तो तितकासा लिहिला गेला नाही. खेळ म्हणजे फावल्या वेळची गोष्ट, अशी आपल्या कार्यकर्त्यांचीही समजूत असते. पण फावला वेळ असतो कोणाला? मोकळी सपाट जमीन कोणाच्या मालकीची असते? तिच्यावर पाणी कोण मारतो, रूळ कोण फिरवतो, आणि पांढरे कपडे घालून तिच्यावर खेळायला कोण उतरतो? पालवणकर बाळू पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करीत. गोरे खेळाडू त्यांच्या गोलंदाजीवर हात साफ करून घेत. पुढे हिंदूंना साहेबाला हरवायचे होते तेव्हा त्यांना बाळूंचा चेंडू चालला. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदान तयार करणारा आणि मैदानाचा धनी ह्यांच्यातले हे अंतर ध्यानात ठेवून रिओकडे वळावे.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. सगळ्या अमेरिका खंडांत सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्याला जमीन दिली नाही, शाळा दिली नाही, आयुष्यभर राबवून घेतल्याची भरपाई दिली नाही. मताचा हक्क साक्षरतेला बांधून ठेवला होता, आणि निरक्षराला मत देण्याचा अधिकार ब्राझीलमध्ये १९८५ साली मिळाला. एकोणीसशे पंच्याऐंशी! 'शिका' हा शब्द आपल्याकडे घोषणेत पहिला का येतो, ते ह्या एका तारखेवरून कळावे.

फुटबॉल तिथे आला तो इंग्रजांशी व्यवहार असलेल्या घरांतून. १९०२ साली निघालेला फ्लुमिनेन्से क्लब हा ह्या थरातल्या लोकांचा. प्रेक्षागृहात टोप्या घातलेल्या बाया, सामन्यानंतर मेजवानी. शहराच्या दूरच्या टोकाला बांगू नावाची कापडगिरणी होती. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना संघ पुरा करायला स्वतःची माणसे कमी पडत, म्हणून गिरणीतले कामगार संघात घेतले गेले, त्यांत कृष्णवर्णीयही आले. १९०७ साली रिओच्या लीगने सरळ पत्रक काढले की, 'रंगाच्या' माणसांची हौशी खेळाडू म्हणून नोंद केली जाणार नाही. बांगू लीगमधून बाहेर पडले. तेव्हा बंदी अशी उघड लिहिता येत होती. पुढे उघड लिहिणे अशिष्ट ठरले आणि बंदीने दुसरे शब्द शोधले.

त्यांतला सर्वांत सोज्वळ शब्द म्हणजे 'हौशी'. खेळाडूने खेळाचे पैसे घेता कामा नयेत, तो केवळ खेळाच्या प्रेमाने खेळला पाहिजे. ऐकायला किती उदात्त! पण ज्याला दिवसभर राबल्याशिवाय संध्याकाळची चूल पेटवता येत नाही, तो केवळ प्रेमाने कधी आणि कसा खेळणार? दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा शुद्ध आणि स्वतःच्या श्रमावर जगणारा अशुद्ध, असा हा न्याय आहे. हौशीपणा हे रिओच्या प्रस्थापितांचे सोवळे होते.

वास्को हा मुळात वल्हवण्याच्या शर्यतींचा क्लब. फुटबॉलमध्ये तो १९१५ साली आला आणि खालच्या गटांतून चढत १९२२ साली दुसऱ्या गटाचे विजेतेपद मिळवून १९२३ साली वरच्या गटात दाखल झाला. त्याच्या संघात गोलरक्षक नेल्सन द कॉन्सेसाव होता, तो टॅक्सी चालवी. कोणी घरांना रंग देणारा होता, कोणी गोदीत ओझी उचलणारा, कोणी ट्रक ड्रायव्हर. काळे होते, मिश्रवर्णी होते, गरीब गोरेही होते. रामोन प्लातेरो ह्या उरुग्वेच्या प्रशिक्षकाने त्यांच्याकडून सैनिकासारखी मेहनत करून घेतली. पोर्तुगीज दुकानदारांनी त्यांना कागदोपत्री आपल्या दुकानांत नोकर दाखवले, म्हणजे हौशीपणाचा नियमही सांभाळला गेला आणि सरावाला वेळही मिळाला. जिंकल्यावर हातावर काही रक्कम ठेवायची, तिला पैसे म्हणायचे नाही. तिथल्या सोडतीच्या जुगारात आकड्यांना प्राण्यांची नावे असतात, तशी ह्या रकमेला प्राण्यांची नावे द्यायची. जिंकल्याच्या बक्षिसाला ब्राझीलचे खेळाडू आजही 'बिशो', म्हणजे जनावर, म्हणतात.

वरच्या गटातल्या पहिल्याच वर्षी, काळे सदरे घातलेल्या ह्या संघाने विजेतेपद घेतले. संपूर्ण हंगामात तो एकच सामना हरला, फ्लामेंगोकडून, तीन विरुद्ध दोन. उत्तरार्धात बड्या घरची पोरे धापा टाकू लागत आणि हे पळतच राहत.

त्याच १९२३ साली मुंबईत बाळूंचे धाकटे बंधू पालवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी युरोपियनांना हरवून जिंकली. बाळूंना जे कप्तानपद वर्षानुवर्षे नाकारले ते धाकट्याला मिळाले. विठ्ठलांनी पुढे मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून ठेवले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी ते शोधून वाचावे. रिओ आणि मुंबई ह्यांत कार्यकारणाचा धागा नाही, हे आधीच सांगतो. पण दोन बंदरांच्या शहरांत एकाच वर्षी एकच गोष्ट सिद्ध झाली होती की, खेळपट्टीवर उतरू दिले तर हा माणूस जिंकतो. प्रश्न उरला होता तो त्याला उतरू द्यायचे की नाही एवढाच.

रिओच्या बड्यांनी उत्तर दिले ते मार्च १९२४ मध्ये. फ्लुमिनेन्से, फ्लामेंगो, बोटाफोगो, अमेरिका आणि बांगू ह्या क्लबांनी जुन्या लीगमधून निघून आपली वेगळी संघटना काढली. बांगूचे नाव ह्या यादीत वाचून थबकायला होते. सतरा वर्षांपूर्वी ज्याने आपल्या खेळाडूंसाठी लीग सोडली तो क्लब आता वरच्या पंगतीत बसला होता. पंगतीत पाट मिळाला की मागच्यांची आठवण कशी पुसट होते, हे काही आपल्याला रिओकडून शिकायचे नाही. तरी न्याय म्हणून सांगितले पाहिजे की, बांगूच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हाही होतेच. म्हणजे नव्या संघटनेला एकटा रंग खुपत नव्हता. रंग, धंदा आणि अक्षरशत्रुत्व ह्यांची जी गाठ गुलामगिरीने मारून ठेवली होती ती तिला खुपत होती, आणि त्यातही जिंकणारी गाठ.

नव्या संघटनेच्या अटींत खेळाडूच्या धंद्याची चौकशी होती. हलकी समजली जाणारी कामे करणारे, बक्षिशीवर पोट भरणारे चालणार नव्हते. निरक्षर चालणार नव्हते. सामन्यापूर्वी कागदावर स्वतःच्या हाताने नाव लिहावे लागे. मारिओ फिल्यो ह्या पत्रकाराने १९४७ साली ब्राझीलच्या फुटबॉलमधील काळ्या माणसावर पुस्तक लिहिले. वास्कोने आपल्या खेळाडूंना अक्षरे कशी गिरवायला लावली, आणि पास्कोआल नावाच्या खेळाडूचे आडनाव लिहायला अवघड म्हणून ते बदलून सोपे 'सिल्वा' कसे करून टाकले, हे त्यात सांगितले आहे. सही करता यावी म्हणून माणसाने बापाचे आडनाव सोडायचे. हसावे की रडावे, हा प्रश्न वाचकांवर सोडतो.

वास्कोला सांगण्यात आले की, संघटनेत यायचे असेल तर तुमचे १२ खेळाडू वगळा. आणि दुसरे कारण पुढे केले गेले की, तुमच्यापाशी योग्य मैदान नाही. वास्कोचे मैदान लहान होते, हे खरेच होते. बहिष्काराचे कारण नेहमी असे अर्धे खरे असते. तुमच्या अंगावर धड कपडे नाहीत, तुमच्या घरात स्वच्छता नाही, तुम्हाला गुण कमी, तुम्हाला मैदान नाही. जे तुम्हाला कधी मिळूच दिले नाही, ते तुमच्यापाशी नाही हाच तुमचा दोष!

७ एप्रिल १९२४ रोजी क्लबाचे अध्यक्ष जोसे आउगुस्तो प्रेस्तेस ह्यांनी उत्तर पाठवले. आशय असा की, ज्या पद्धतीने आमच्या बारा खेळाडूंच्या खाजगी आणि सामाजिक स्थितीची चौकशी झाली ती आम्हाला मान्य नाही. ही जवळजवळ सगळी तरुण, आयुष्याला सुरुवात करणारी मुले आहेत. त्यांना लागणारा डाग आमच्या हाताने लागणार नाही. सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही. ब्राझीलमध्ये हे पत्र 'ऐतिहासिक उत्तर' म्हणून ओळखले जाते आणि क्लब ते आजही मिरवतो.

मिरवावे, पण पत्र नीट वाचावे. त्यात काळा, रंग, वंश हे शब्द नाहीत. पत्राचा आरंभ संस्थापक पाच क्लबांनी स्वतःकडे ठेवलेल्या विशेष अधिकारांच्या तक्रारीने होतो. खेळाडूंचा मुद्दा मागाहून येतो. १९९० नंतर काही ब्राझिली अभ्यासकांनी मारिओ फिल्योच्या कथनावर टीका केली की, त्याने गुंतागुंतीच्या भांडणाची एक सुबक वीरकथा केली. भांडण पैशाचे, हौशीपणाचे, सत्तेचेही होते. ही टीका मला बिनतोड वाटत नाही. पैसा, अक्षर आणि सत्ता ह्यांचे वाटप ज्या समाजात रंगावरून झाले, तिथे 'हे रंगाचे नव्हे, पैशाचे भांडण' असे म्हणणे म्हणजे 'हे जातीचे नव्हे, शिवारातल्या पाण्याचे भांडण' म्हणण्यासारखे आहे. पण टीकेतले एक घ्यावे. वास्कोची तिजोरी पोर्तुगीज व्यापाऱ्यांची होती. काळ्या खेळाडूला त्यांनी जवळ केले ते जिंकण्यासाठी, आणि ठाम उभे राहिले तेही जिंकणारा संघ मोडू नये म्हणून असेल. तरी उभे राहिले. हेतू तपासत बसण्यापेक्षा ते किती काळ उभे राहिले हे तपासणे अधिक उपयोगाचे.

१९२४ चा हंगाम वास्को जुन्या, ओस पडलेल्या लीगमध्ये खेळला आणि जिंकला. १९२५ साली नव्या संघटनेने त्याला आत घेतले, खेळाडूंसकट. म्हणजे लोक समजतात तसे आधी मैदान आणि मग प्रवेश, असे घडलेले नाही. प्रवेश मिळाला होता, तरी सामने दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळावे लागत आणि 'ह्यांना मैदान नाही' हे शेपूट चिकटलेलेच होते. ते कायमचे तोडायचे ठरले. साओ क्रिस्तोव्हाव ह्या कारखान्यांच्या आणि मजुरांच्या भागात जमीन घेतली. दहा हजार नवे सभासद करण्याची मोहीम निघाली, वर्गण्या जमल्या, दुकानदारांनी आणि नोकरांनी ऐपतीप्रमाणे दिले. जून १९२६ मध्ये कोनशिला बसली. बेल्जियमहून सिमेंट आणायचे तर आयातकराची सूट हवी होती. ती वॉशिंग्टन लुईस ह्यांच्या सरकारने दिली नाही. मग जे सिमेंट मिळाले त्यावर काम रेटले आणि वर्षाच्या आत मैदान उभे राहिले. २१ एप्रिल १९२७ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा हेच राष्ट्राध्यक्ष पाहुणे म्हणून हजर होते. उद्घाटनाचा सामना वास्को सांतोस संघाकडून पाच विरुद्ध तीन असा हरला. कोणाला त्याचे फारसे वाईट वाटले नसावे. दक्षिण अमेरिकेतले तेव्हाचे सर्वांत मोठे फुटबॉल मैदान ते होते. १९३० साली माँटेव्हिडिओचे मैदान झाले तोवर. रिओत तर १९५० सालापर्यंत त्याला जोड नव्हती.

२१ एप्रिल १९२७. त्याच्या एक महिना आधी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारोंनी ओंजळीत घेतले होते. त्याच एप्रिलच्या ३ तारखेला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला होता. पण साम्य फार ताणू नये. महाडला तळे सर्वांचे होते, नगरपालिकेने ते खुलेही केले होते. तिथे सार्वजनिक वस्तूवरचा हक्क बजावायचा होता. रिओत सार्वजनिक वस्तूच नव्हती, सगळी मैदाने खाजगी क्लबांची. तिथे हक्क मागायला जागा नव्हती, म्हणून स्वतःची वस्तू उभारावी लागली. दोन्ही मार्गांची किंमत वेगळी असते. आपले तळे खोदणाऱ्याला उद्या त्या तळ्याचा मालक कोण, ह्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

साओ जानुआरिओला तो प्रश्न लौकरच भेटला. शहरातली सर्वांत मोठी जागा म्हटल्यावर राज्यकर्त्यांची नजर तिच्यावर जाणारच. जेतुलिओ व्हार्गास हा १९३७ सालापासून हुकूमशहाच होता आणि स्वतःला गरिबांचा बाप म्हणवून घेई. १ मे १९४० रोजी त्याने ह्याच मैदानावर किमान वेतनाचा हुकूम काढला. पुढल्या कामगारदिनी कामगार न्यायालयांची सुरुवात इथेच जाहीर केली. हजारो शाळकरी मुलांना उभे करून इथे देशभक्तीची समूहगाणी गाऊन घेतली गेली. ज्या मैदानाच्या धन्यांना 'हलक्या धंद्याची माणसे' म्हणून हिणवले होते, त्या मैदानावरून श्रमाचा गौरव होऊ लागला, हे खोटे नाही. पण १९४३ साली कामगार कायद्यांची जी मोठी संहिता झाली तिच्या सातव्या कलमाने शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले. ब्राझीलमध्ये दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई बहुतकरून कोणाची नात होती, ते सांगायला नको. तिला बाकीच्या कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्ती २०१३ साली झाली. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बायका आणि आया कायद्याबाहेर राहिल्या, त्या सत्तर वर्षे.

मे १९४५ मध्ये, तुरुंगातून सुटलेला कम्युनिस्ट नेता लुईस कार्लोस प्रेस्तेस ह्याची प्रचंड सभा ह्याच मैदानावर झाली. व्हार्गासच्या राजवटीने त्याच्या गरोदर पत्नीला, ओल्गा बेनारिओला, १९३६ साली हिटलरच्या जर्मनीत पाठवले होते आणि १९४२ साली तिला तिथे मारण्यात आले. त्याच व्हार्गाससमोर गर्दी जमली होती त्या पायऱ्या आता प्रेस्तेससाठी भरल्या. मैदानाला पक्ष नसतो म्हणतात. गर्दी ज्याच्यापाशी त्याचे ते होते.

१९५० साली त्याच शहरात माराकाना उभे राहिले आणि मोठेपणाचा मान तिकडे गेला. १६ जुलै १९५० ला विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला दोन विरुद्ध एक हरवले. गोलरक्षक मोआसिर बार्बोसा हा वास्कोचा खेळाडू, कृष्णवर्णी, त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. हरल्याचा दोष त्याच्यावर आणि संरक्षक फळीतल्या दोघा काळ्या खेळाडूंवर आला. सामना अकरा जण हरले, शिक्षा तिघांना. ब्राझीलमध्ये मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, असे तो म्हातारपणी म्हणे. तो वारला तो दिवस ७ एप्रिल २०००. 'ऐतिहासिक उत्तरा'ला त्या दिवशी शहात्तर वर्षे झाली होती. साओ जानुआरिओने काळ्या खेळाडूला खेळण्याचा हक्क मिळवून दिला. हरण्याचा हक्क त्याला तिथेही मिळाला नाही.

मैदानाच्या भिंतीला लागून बारेरा दो वास्को नावाची झोपडपट्टी वाढली. सामन्याच्या दिवशी गल्लीगल्लीत बिअर, भाजलेले मांस, झेंडे विकले जातात. त्यावर कितीतरी घरांचा आठवडा निघतो. क्लब त्यांचा, निदान ते तसे मानतात. क्लबाच्या कारभाऱ्यांनी त्यांना नेहमी तसे वागवले असे नाही. ३० डिसेंबर २००० च्या अंतिम सामन्यात गच्च भरलेल्या बाजूचे कुंपण गर्दीच्या रेट्याने कोसळले आणि दीडशेच्या वर माणसे जखमी झाली, तरी सामना पुढे चालवावा असा क्लबाच्या उपाध्यक्षांचा आग्रह होता.

२२ जून २०२३ रोजी गोइआस संघाकडून हरल्यावर प्रेक्षकांनी दंगा केला. दंग्याबद्दल शिक्षा व्हावी ह्यात वाद नाही. पण मैदान प्रेक्षकांना बंद करताना न्यायालयीन कागदात जे कारण लिहिले गेले ते वाचण्यासारखे आहे. मैदान झोपडपट्टीने वेढलेले आहे, तिथून अमली पदार्थांच्या धंद्यातल्या गोळीबाराचे आवाज येतात, गल्ल्या अरुंद आहेत, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. म्हणजे दंगा केला काही प्रेक्षकांनी, आणि दाखला दिला गेला वस्तीच्या पत्त्याचा. १९२४ साली धंदा विचारला होता. क्लबाने आणि वस्तीने ह्या भाषेचा उघड निषेध केला. गल्ल्यांतल्या विक्रेत्यांचा हंगाम बुडाला. सप्टेंबरमध्ये दरवाजे पुन्हा उघडले.

२०२४ साली, पत्राच्या शंभराव्या वर्षी, रिओच्या महानगरपालिकेने मैदानाच्या नूतनीकरणासाठी कायदा केला. सध्या बावीस हजारांच्या आसपास माणसे बसतात, ती संख्या चाळीस हजारांच्या वर न्यायची आहे. पैसा उभा राहायचा आहे तो मैदानाच्या जागेवरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क शहराच्या दुसऱ्या भागातल्या बिल्डरांना विकून. मुंबईच्या वाचकाला ही युक्ती 'टीडीआर' ह्या नावाने चांगली परिचयाची आहे. १९२६ साली वर्गणी देणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जात होते. नव्या मैदानात तिकिटाचा दर काय असेल, भिंतीलगतच्या गल्लीत मांस भाजणाऱ्या बाईची शेगडी जिथे आहे तिथे राहील की नाही, आणि हे ठरवणाऱ्या बैठकीत बारेराचा माणूस किती खुर्च्यांवर बसेल, हे विचारायला वस्तीतल्या लोकांनी सुरुवात केली आहे.